दुखणे तिथेच का? : पोटाच्या शरीररचनेवरील पुस्तकाची प्रस्तावना

‘डॉक्टर, पोटात दुखालंय.’ कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात दिवसभर बसलात तर हे वाक्य ऐकू येणारच. सांगणारा माणूस बहुतेक वेळा शब्दांवर थांबत नाही, हात ठेवून दाखवतो. कोणाचा हात बेंबीवर जातो, कोणाचा उजव्या बरगडीखाली, कोणी डाव्या कुशीत मूठ दाबून धरतो. त्या हाताखाली नेमके काय आहे, आणि दुखण्याचे मूळ तिथेच आहे की दुसरीकडे, या दोन प्रश्नांची उत्तरे देणारे शास्त्र म्हणजे पोटाची चिकित्सोपयोगी शरीररचना. हे पुस्तक त्या शास्त्राची मराठीत ओळख करून देण्यासाठी लिहिले आहे.

शरीररचना हा घोकंपट्टीचा विषय, असा समज विद्यार्थ्यांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. रोहिण्यांच्या शाखा, अवयवांचे शेजारी, नसांची नावे तोंडपाठ करायची, परीक्षेत उतरवायची आणि पुढच्या वर्षी विसरायची. या समजाला या पुस्तकाचा ठाम विरोध आहे. पोटाच्या तपासणीत ज्या खुणा आपण शोधतो, त्यांतल्या बहुतेक खुणांमागे रचनेतले एक कारण असते. ते कारण कळले की खूण लक्षात ठेवावी लागत नाही, ती आपोआप सुचते. कारण न कळता पाठ केलेली खूण मात्र ऐन वेळी दगा देते.

अपेंडिक्सचेच उदाहरण घ्या. अपेंडिक्स असते उजव्या कुशीत, खाली. तरी ते सुजायला लागले की रुग्ण सुरुवातीला बेंबीभोवती दुखते म्हणतो. काही तासांनी दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि मग एका बोटाने दाखवता येईल इतके नेमके होते. असे का? गर्भात आतड्याचे तीन भाग वेगवेगळे घडतात आणि प्रत्येकाची रोहिणी व नसा वेगळ्या असतात. जठरापासून ड्युओडिनमच्या मध्यापर्यंतच्या भागाचे दुखणे बेंबीच्या वर जाणवते, तिथून आडव्या मोठ्या आतड्याच्या बहुतांश भागापर्यंतचे बेंबीपाशी आणि त्यापुढचे ओटीपोटात. अपेंडिक्स मधल्या भागातले. त्याच्या संवेदना मज्जारज्जूत जिथे पोचतात, तिथेच बेंबीच्या त्वचेच्याही पोचतात, म्हणून मेंदू त्या बेंबीच्या खात्यावर मांडतो. सूज वाढून पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेल्या अस्तराला, म्हणजे पेरिटोनियमला, लागली की चित्र पालटते. त्या अस्तराच्या नसा त्वचेच्या नसांसारख्या नेमकी जागा सांगतात. दुखणे ‘सरकले’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा खरे तर दुसऱ्या नसांनी बोलायला सुरुवात केलेली असते.

हेच अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे लपलेले असेल तर समोरून पोट दाबल्यावर फारसे दुखत नाही, पण उजवा पाय मागे ताणला की दुखते, कारण ते मांडी उचलणाऱ्या सोआस स्नायूला टेकलेले असते. ते ओटीपोटात लोंबत असेल तर लघवीला जळजळते, जुलाब होतात आणि निदान भलतीकडे जाते. आजार एकच, जागा तीन, म्हणून लक्षणेही तीन तऱ्हेची. ज्याला जागा माहीत आहेत तो फसत नाही.

पोटाच्या या क्षेत्राचा आवाका मोठा आहे, म्हणून नवख्या वाचकाने आधी त्याची मोठी दालने ओळखून घ्यावीत.

पहिले दालन पोटाच्या भिंतीचे. स्नायूंचे तीन थर, मधला सरळ स्नायू आणि जांघेतून जाणारा तो तिरका मार्ग, जिथून गर्भावस्थेत वृषण खाली उतरते. हाच मार्ग पुढे आयुष्यभर भिंतीचा कच्चा भाग राहतो. मार्केट यार्डात पोती उचलणारे हमाल, तालमीत घाम गाळणारे पैलवान, जुन्या खोकल्याने बेजार झालेले म्हातारे, सगळ्यांचा अंतर्गळ तिथूनच बाहेर येतो. इटलीच्या एदोआर्दो बासिनीने 1880च्या दशकात या भिंतीची रचना नीट समजून घेऊन दुरुस्तीची पद्धत बसवली. पुढे अमेरिकेत लिख्टेनस्टाइन यांनी जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली. पुण्याचे शल्यविशारद डॉ. मोहन देसरडा यांनी 2001 मध्ये जाळीशिवायची पद्धत मांडली. रुग्णाच्याच बाहेरच्या स्नायूच्या चिवट पापुद्र्याची एक पट्टी मागच्या भिंतीला जोडायची, म्हणजे जिवंत ऊतींचाच आधार मिळतो. यांतल्या पहिल्या आणि शेवटच्या पद्धतीत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण तिघांनी सोडवायला घेतलेला प्रश्न शरीररचनेचाच होता.

दुसरे दालन पोकळीचे आणि तिच्या अस्तराचे. पेरिटोनियमच्या घड्यांमुळे पोटात कोनाडे तयार होतात. माणूस उताणा झोपला की रक्त किंवा पू त्यांतल्या सगळ्यात खोल जागी साठतो. यकृत आणि उजवे मूत्रपिंड यांच्यामधला मॉरिसनचा कोनाडा ही अशीच एक जागा. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या किंवा दिव्याविना चालणाऱ्या ट्रॉल्यांवर दुचाकी आदळण्याचे अपघात आपल्याकडे ठरलेले. अशा रुग्णाच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवणारा डॉक्टर पहिल्यांदा याच कोनाड्यात पाहतो. डाव्या बाजूच्या नवव्या ते अकराव्या बरगडीवर मार बसला असेल तर त्याच्या मनात प्लीहा येते. पाणथरी म्हणून ओळखला जाणारा हा अवयव त्या तीन बरगड्यांच्या आडच बसलेला असतो. रुग्ण डावा खांदा दुखतो म्हणाला तर शंका आणखी बळावते. पोटातले रक्त श्वासपटलाला लागते. श्वासपटल गर्भात मानेच्या भागात घडून खाली सरकते आणि येताना मानेतलीच नस सोबत आणते, म्हणून पोटातली इजा खांद्यावर जाणवते.

तिसरे दालन अवयवांचे आणि त्यांच्या शेजाराचे. ड्युओडिनमच्या पुढच्या भिंतीवरचा अल्सर पोकळीत फुटतो आणि पोट फळीसारखे कडक होते. मागच्या भिंतीवरचा अल्सर मात्र तिथून जाणारी रोहिणी खातो आणि रक्ताची उलटी होते. एकाच अवयवाच्या दोन भिंती, आणि दोन वेगळे जीवघेणे प्रसंग. पित्तनळी स्वादुपिंडाच्या डोक्यामागून, बहुधा त्यातूनच, जाते. त्यामुळे तिथल्या कर्करोगात पोट न दुखताच कावीळ वाढत जाते आणि फुगलेले पित्ताशय हाताला लागते. इचलकरंजीत 2012 मध्ये दूषित पाण्यातून पसरलेल्या हिपॅटायटिस ई काविळीची मोठी साथ आली होती. अशा साथीच्या भागात डोळे पिवळे दिसले की पाण्याचीच कावीळ, असे धरून चालण्याकडे मनाचा कल होतो आणि रुग्ण गावठी औषधावर महिनाभर काढतो. वयस्कर माणसाची न दुखता वाढणारी कावीळ वेगळी ओळखायला पित्तनळीचा मार्ग माहीत असावा लागतो.

चौथे दालन रक्तवाहिन्यांचे, आणि त्यात सगळ्यात महत्त्वाची पोर्टल शीर. कळंबा तलावाचे पाणी थेट घरोघर न जाता आधी फिल्टर हाऊसला जावे, तसे जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून आलेले रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतात जाते. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग याच शिरेतून येतो. दारूने यकृत आक्रसले की ही वाट तुंबते आणि रक्त आडवाटांनी परतू लागते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात, फुटतात आणि रुग्ण रक्त ओकतो. अमिबाची लागण आतड्यातून यकृतात पोचते तीही याच मार्गाने, आणि यकृतातले गळू बहुधा उजव्या भागातच का सापडते याचे उत्तरही याच प्रवाहात शोधले जाते.

हे ज्ञान जमा व्हायला फार मोठा काळ लागला, आणि त्यात आपल्या भूमीचाही वाटा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह पाहण्याची रीत सांगितली आहे. आतड्यांतला मळ काढून टाकायचा, देह मुंज, कुश, ताग यांत गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचा आणि सात रात्रींनंतर वाळा किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू थर घासत एकेक अंग डोळ्यांनी पाहायचे. चिकित्सास्थानात आतड्याच्या अडथळ्यावर शस्त्रक्रियाही आहे. बेंबीखाली, मधल्या केसांच्या रेषेच्या डावीकडे चार अंगुळे सोडून पोट उघडायचे, आतडी बाहेर घेऊन तपासायची, मध-तूप लावून परत ठेवायची आणि शिवायचे. आतड्याला भोक असेल तर काळ्या मुंग्यांच्या चाव्याने ते मिटवायचे. चरकाने कोष्ठातली पंधरा अंगे मोजली आहेत. पुढे मात्र आपल्याकडे प्रत्यक्ष पाहण्याची ही परंपरा खंडित झाली, आणि ग्रंथ उरले पण हात उरले नाहीत.

युरोपातही गत फार वेगळी नव्हती. प्राचीन वैद्य गॅलेनने केलेले शरीराचे वर्णन मुख्यतः माकडे, डुकरे अशा प्राण्यांवर आधारलेले, तरी ते हजारभर वर्षे प्रमाण मानले गेले. वेसालिअसने 1538 मध्ये काढलेल्या चित्रांत यकृताला पाच पाळ्या दाखवल्या होत्या, कारण ग्रंथात तसे होते. स्वतःच्या हाताने विच्छेदन केल्यावर 1543च्या ग्रंथात त्याने त्या काढून टाकल्या. ग्रंथापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचे धैर्य, हीच या शास्त्राची खरी सुरुवात मानायला हवी.

भारतात आधुनिक विच्छेदन 1836 मध्ये कोलकात्यात पंडित मधुसूदन गुप्तांनी सुरू केले. मुंबईत 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. या कॉलेजशी एक फार मोठे नाव जोडलेले आहे. जगभर ज्या ग्रंथावर डॉक्टर घडले त्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची पहिली आवृत्ती 1858 मध्ये निघाली. तिच्यातली चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांची, आणि अवयवांची नावे थेट चित्रातल्या अवयवांवरच छापण्याची त्यांची पद्धत विद्यार्थ्यांना मोठी सोयीची ठरली. त्याच वर्षी कार्टर मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून राहिले. ज्या चित्रांवरून लंडनची पोरे शिकत होती, त्यांचा चित्रकार आपल्या शेजारच्या जिल्ह्यात रुग्ण तपासत होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

कोल्हापूरचाही या इतिहासात मान आहे. आजच्या सीपीआर रुग्णालयाच्या जागी संस्थानकाळात अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना तिथल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देण्यात आली होती. ती स्वीकारण्याआधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये, त्यांचे निधन झाले. स्त्रीच्या ओटीपोटाची तपासणी संकोचामुळे अर्धवट राहते, आणि गर्भनलिकेतल्या गर्भासारखे प्राणघातक कारण सुटून जाते, ही अडचण आजही संपलेली नाही. म्हणून या पुस्तकात स्त्रीच्या ओटीपोटाला परिशिष्टात न टाकता मुख्य विवेचनात जागा दिली आहे.

1886 मध्येच बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी अपेंडिक्सच्या सुजेला तिचे आजचे नाव आणि स्वतंत्र आजाराची ओळख दिली. 1889 मध्ये मॅकबर्नी यांनी सर्वाधिक दुखण्याचा बिंदू दाखवला. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेषा ओढली, तर त्या टोकापासून एक तृतीयांशावर तो येतो. 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींच्या अपेंडिक्सवर कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात उरकावा लागला. त्या काळी सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हते. निदान हाताने झाले होते. अपेंडिक्स सापडत नसेल तर मोठ्या आतड्यावरच्या तीन स्नायूपट्ट्यांच्या मागे जावे, त्या जिथे एकत्र येतात तिथेच त्याचे मूळ असते. ही खूण आजही तितकीच खरी आहे.

विषय शिकवण्याच्या रीतीही या प्रवासात वेगवेगळ्या झाल्या. जुनी रीत संस्थानुसार: पचनसंस्था एकीकडे, रक्तवाहिन्या दुसरीकडे. ‘ग्रेज’ दीर्घकाळ याच वळणाचे होते, 2004च्या आवृत्तीत ते विभागवार झाले. विच्छेदनाच्या टेबलावर वाढलेली रीत विभागवार: जे हाताला एकत्र लागते ते एकत्र शिकायचे. तिसरी रीत बाहेरून आतले ओळखण्याची. गळ्याखालची खाच आणि ओटीपोटाखालचा जघनास्थींचा सांधा यांच्या मधोमध आडवी रेषा धरली की पित्ताशयाचा तळ, स्वादुपिंडाची मान आणि मूत्रपिंडांची दारे तिच्या आसपास येतात. ही रेषा ठरवणारे क्रिस्टोफर ॲडिसन पुढे ब्रिटनचे पहिले आरोग्यमंत्री झाले. जिवंत, श्वास घेणाऱ्या माणसात ती वरखाली होते हे स्कॅनने दाखवले आहे, आणि विद्यार्थ्याला तेही कळायला हवे. चौथी रीत गर्भविकासाची, जी ‘का’चे उत्तर देते. पाचवी शल्यविशारदाची: क्विनो यांनी 1950च्या दशकात रक्तवाहिन्यांवरून यकृताचे आठ खंड पाडले, म्हणून आज जिवंत दात्याचे अर्धे यकृत काढून नातेवाइकाला बसवता येते. सहावी छेदचित्रांची, जिथे आपण रुग्णाच्या पायाकडून पाहत असतो आणि त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. हॅरोल्ड एलिस यांच्या 1960च्या आणि कीथ मूर यांच्या 1980च्या पुस्तकांनी या रीतींची रुग्णाशी सांगड घातली. आपल्याकडे बी. डी. चौरसिया यांच्या पुस्तकाने कित्येक पिढ्यांना परीक्षेच्या पार नेले. कोणतीही एक रीत पुरेशी नाही, आणि त्यांच्यात भांडण लावण्याचेही कारण नाही.

मग आज, घरटी मोबाइल आणि तालुक्याला सीटी स्कॅन असताना, हे पुस्तक कशासाठी? एक तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने रचनेचे ज्ञान आणखी निकडीचे केले. डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईत भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया तालुक्यापर्यंत पोचली. पडद्यावर सपाट चित्र दिसते, हाताला स्पर्श नसतो, आणि पित्ताशयाच्या मुळाशी असलेल्या कॅलोच्या त्रिकोणात एक नळी दुसरी समजून कापली तर रुग्ण आयुष्यभर भोगतो. म्हणूनच स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये घालून दिलेला नियम असा, की त्रिकोण पूर्ण मोकळा होऊन पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच वाहिन्या स्पष्ट दिसेपर्यंत काहीही कापायचे नाही. दुसरे, स्कॅन कोणाचा, कधी आणि कुठल्या शंकेने करायचा हे आधी हातच ठरवतो. राधानगरी-भुदरगडच्या दुर्गम वाडीत पहिला हात परिचारिकेचा किंवा आशाताईंचा असतो. कुठल्या पोटाला रात्रीच हलवायचे आणि कोणते सकाळपर्यंत थांबू शकते, हे त्यांना समजले तर जीव वाचतात. तिसरे, 2019च्या नव्या अभ्यासक्रमाने पहिल्या वर्षातच विद्यार्थ्याला रुग्णासमोर उभे केले आहे. त्याच्या हातात रचना आणि रुग्ण यांना जोडणारे पुस्तक हवे, आणि ते समजेल अशा भाषेत हवे. मध्य प्रदेशाने 2022 मध्ये वैद्यकाची हिंदी पुस्तके काढली. मराठीत 1861 पासूनच ग्रँट मेडिकल कॉलेजात वर्ग चालत. ते काम आपण पुढे न्यायला हवे.

या पुस्तकाचा बेत त्यातूनच ठरला. प्रत्येक विषय रुग्णाच्या तक्रारीपासून सुरू होतो, तिथून रचनेकडे जातो आणि परत रुग्णाकडे येतो. एमबीबीएस आणि बीएएमएसचे विद्यार्थी, परिचारिका, 108 रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी आणि खेड्यातले जनरल प्रॅक्टिशनर हे वाचक डोळ्यांसमोर आहेत. रूढ इंग्रजी नावे जशी दवाखान्यात बोलतात तशीच ठेवली आहेत, उगाच नवे शब्द घडवले नाहीत. हे पुस्तक संदर्भग्रंथाची जागा घेणार नाही. सूक्ष्मरचनेचा तपशील यात मुद्दाम कमी ठेवला आहे. सुश्रुत-चरकांचे उल्लेख अभिमानासाठी केलेले नाहीत, निरीक्षणाची शिस्त दाखवण्यासाठी केले आहेत, आणि जिथे आजचे ज्ञान वेगळे आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

हे सारे ज्ञान ज्यांच्या देहांवरून आले, त्यांचे ऋण आधी मान्य करायला हवे. मुंबई शरीररचना कायदा 1949 मध्ये झाला, त्याने बेवारस देह महाविद्यालयांना मिळण्याची सोय केली. आज स्वेच्छेने देहदान करणारी कुटुंबे वाढत आहेत. नव्या अभ्यासक्रमात विच्छेदनाआधी विद्यार्थी मृतदेहाचा मान राखण्याची शपथ घेतात. ती शपथ खऱ्या अर्थाने पाळायची तर टेबलावर दिसलेली प्रत्येक गोष्ट रुग्णाच्या उपयोगी पडेपर्यंत समजून घ्यावी लागेल.

वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक केवळ डोळ्यांनी वाचू नका. प्रत्येक प्रकरण वाचताना स्वतःच्या पोटावर बोटे ठेवून बरगडीची कड, कमरेच्या हाडाचे टोक, बेंबी शोधा. आतल्या अवयवाची जागा खडूने भिंतीवर काढून पाहा. मग रुग्णाजवळ जाल तेव्हा आधी त्याला हात कुठे ठेवतो ते विचारा, तळहात ऊबदार करा, दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करा आणि दुखण्याच्या जागी पोचल्यावर स्वतःला विचारा: दुखणे इथेच का? या प्रश्नाला रचनेच्या आधाराने उत्तर देता आले, तर पुस्तकाचे काम झाले.

कळंबा, कोल्हापूर